एका पुस्तकाला दोन मुलं

बीदर जिल्ह्यातल्या औराद किंवा भालकी तालुक्यातल्या एखाद्या मुलाचा दिवस भाषेच्या अंगानं बघा. सकाळी आजीशी मराठी, गल्लीत गोट्या खेळताना दखनी, दुकानात कन्नड, आणि घर तांड्यावरचं असेल तर चुलीपाशी लमाणी. या मुलाला भाषेची भीती वाटते असं कोण म्हणेल? तीन-तीन भाषांतून तो भांडतो, उधारीवर गोळ्या आणतो, वेळ पडली तर शिव्याही हासडतो. तोच मुलगा वर्गात उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. चुकलो तर बाकीचे हसणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. घरी आल्यावर आपण वरून दटावतो, ‘भितोस कशाला? वाघासारखा राहा.’ वाघासारखं राहायचं म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

धीर हुकमानं येत नाही, सोबतीनं येतो. रात्री एकट्यानं अंगणात जायला घाबरणारी दोन भावंडं एकमेकांचा हात धरून बिनघोर जातात. अंधार तेवढाच असतो, फरक सोबतीचा असतो. लहान मुलांची चांगली चित्रपुस्तकं वर्षानुवर्षं हेच दाखवत आली आहेत. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला सुरुवातीलाच सांगून टाकतो : मुलाला धीट करायचं असेल तर चित्रपुस्तक जरूर द्या, पण एकट्याला देऊ नका. एका पुस्तकाला दोन मुलं बसवा. जमलं तर दोघांच्या घरची भाषा वेगळी असू द्या. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात असा जोडीदार शोधायला लांब जावं लागत नाही, तो शेजारच्या घरातच असतो.

हे सगळं चार ते दहा वयाच्या मुलांसाठी आहे. आईवडील, आजी-आजोबा, अंगणवाडीच्या ताई, मराठी आणि कन्नड शाळांतले शिक्षक, पंचायतीचं ग्रंथालय सांभाळणारे, यांपैकी कुणालाही ते करता येईल. त्यासाठी बी.एड. लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत.

आधी भीती कोणती ते ओळखा

पुस्तकांत भुतं असतात, राक्षस असतात. आपल्याकडच्या मुलांच्या भीती बहुतेक वेळा त्याहून साध्या आणि त्याहून चिवट असतात.

पहिली भीती बोलण्याची. मराठी माध्यमातल्या मुलाला कन्नडच्या तासाला आणि कन्नड माध्यमात घातलेल्या मराठी मुलाला दिवसभर ती छळते. दुसरी भीती तुटण्याची. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला किंवा मुंबई-पुणे-हैदराबादकडे कामाला निघालेल्या कुटुंबातलं मूल महिनोन्‌महिने शाळेबाहेर राहतं. परत येतं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं आणि जुन्या मित्राला नवा मित्र मिळालेला असतो. तिसरी भीती मोठ्या शाळेची. गावातली शाळा पाचवीला किंवा सातवीला संपली की बस पकडून दुसऱ्या गावी जायचं, तिथे सगळे अनोळखी, कधी माध्यमही बदललेलं. आणि चौथी, जिच्याविषयी घरात फारसं बोललं जात नाही, ती वेगळं पाडलं जाण्याची. दुपारच्या जेवणाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला खेळायला घेतलं जात नाही, हे मुलं न बोलता टिपत असतात.

‘तुला कशाची भीती वाटते?’ असं समोर बसवून विचारलं तर मूल ‘कशाचीच नाही’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा आडून विचारा. ‘आज वर्गात कोण गप्प गप्प होतं?’ ‘मधल्या सुट्टीत एकटं कोण बसलं होतं?’ सायकलच्या कॅरिअरवर बसलेलं किंवा अंथरुणावर पडलेलं मूल अशा प्रश्नांना भरभरून उत्तरं देतं, आणि त्या ‘कुणाच्या तरी’ गोष्टीत बहुधा स्वतःचीच गोष्ट सांगत असतं.

एक पथ्य इथेच सांगायला हवं. आज मूल रडत आलं म्हणून आजच संध्याकाळी ‘रडक्या सशाची गोष्ट’ हातात ठेवू नका. तापाला गोळी द्यावी तसं पुस्तक दिलं, की मुलाला त्यातला शहाणपणा लगेच कळतो आणि ते पुस्तक मिटतं. चार दिवस जाऊ द्या. इतर दोन-तीन पुस्तकांच्या गर्दीत तेही पुस्तक येऊ द्या.

पुस्तक कसं निवडावं

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हातात घेतलं की आधी एकही ओळ न वाचता फक्त पानं उलटा. मग या गोष्टी पाहा.

१. नुसत्या चित्रांवरून गोष्ट साधारण समजते का? समजत असेल तर वाचता न येणारं मूल आणि ती भाषा न येणारं मूल, दोघंही त्या पुस्तकात शिरू शकतात.

२. घाबरलेलं पात्र खरोखर घाबरलेलं दिसतं का? पहिल्या पानापासून छाती काढून उभा असलेला नायक भित्र्या मुलाच्या उपयोगाचा नाही.

३. संकटातून कोण सोडवतं? शेवटी वडील, राजा किंवा देव येऊन सगळं निस्तरत असेल, तर मुलाच्या वाट्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही उरत नाही. लहानगं पात्र स्वतः काहीतरी करतं, निदान मदतीला हाक तरी मारतं, असं पुस्तक बरं.

४. मित्र काय करतो? चांगल्या पुस्तकातला मित्र सगळी कामं स्वतः करून टाकत नाही. तो शेजारी थांबतो, ऐकतो, कधी चुकतो, रुसतो आणि परत येतो.

५. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलंय का? असेल तर वाचताना ते पान बिनधास्त गाळा.

काही पुस्तकं, जरा जवळून

महागिरी. हेमलता यांनी लिहिलेलं आणि पुलक बिस्वास यांनी चितारलेलं हे पुस्तक दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टनं १९६९ साली काढलं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. गोष्ट अगदी थोडक्यात : देवळाच्या उत्सवासाठी खांब उभा करायचाय, महागिरी हत्तीनं तो उचलून खड्ड्यात रोवायचाय, आणि ऐन वेळी हा शहाणा, गरीब हत्ती अडून बसतो. माहूत त्याला मारतो. लोकांना वाटतं, हत्ती बिथरला. खड्ड्यात मांजराचं पिल्लू आहे, हे फक्त हत्तीला ठाऊक असतं. पिल्लू बाहेर निघाल्यावर तो मुकाट्यानं आपलं काम करतो.

या गोष्टीत धीर कुठल्या पानावर आहे, हे मुलांनाच शोधू द्या. हत्तीजवळ ताकद पुष्कळ आहे, पण ती त्याच्या धैर्याची खूण नाही. सगळे ‘कर’ म्हणत असताना, मार बसत असताना, ‘मी हे करणार नाही’ यावर तो टिकून राहतो, आणि आपण का अडलोय हे त्याला सांगताही येत नाही. वर्गात भाषा न येणाऱ्या मुलाची नेमकी हीच अडचण असते. त्याच्या गप्प राहण्याला बाई हट्ट समजतात, मुलं मठ्ठपणा समजतात. महागिरी वाचून झाल्यावर ‘तुझं कधी कुणी असं उलटं समजलं होतं का?’ एवढं विचारा. मग तुम्ही थांबा आणि मुलांना बोलू द्या.

स्विमी. लिओ लिओनी यांचं १९६३ सालचं हे पुस्तक इंग्रजीत असलं तरी शब्द मोजके आहेत, चित्रंच बोलतात. लाल माशांच्या थव्यात एकटा काळा मासा. मोठा मासा येतो, सगळ्यांना गिळतो, स्विमी तेवढा निसटतो. घाबरलेला, एकटा पडलेला तो समुद्रभर हिंडतो, आणि पुढे त्याला तसाच दुसरा थवा भेटतो, खडकाआड लपून बसलेला. स्विमी त्यांना एकमेकांना चिकटून एका मोठ्या माशाच्या आकारात पोहायला शिकवतो आणि स्वतः त्या माशाचा डोळा होतो. ज्या रंगामुळे तो वेगळा होता, तोच रंग इथे उपयोगी पडतो. शाळेत नवा आलेल्या किंवा हंगाम संपवून परतलेल्या मुलासाठी याहून नेमकं पुस्तक सापडणं अवघड. इंग्रजीची चिंता करू नका, चित्रं पाहत आपल्या बोलीत सांगा.

फर्डिनंड. मनरो लीफ आणि रॉबर्ट लॉसन यांचं १९३६ सालचं पुस्तक. स्पेनमधला एक धिप्पाड बैल, ज्याला झुंजीपेक्षा झाडाखाली बसून फुलांचा वास घेणं आवडतं. मधमाशी डसते, तो उधळतो, लोकांना वाटतं हाच खरा झुंजार, आणि त्याला आखाड्यात नेतात. तिथेही तो बसून राहतो. आपल्याकडे कारहुणवीला बैलांना रंगवून, सजवून मिरवतात, पळवतात. त्या आठवड्यात हे पुस्तक काढा. बैल तर मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. ‘न झुंजणारा बैल भित्रा की धीट?’ यावर दोन मुलांत हमखास वाद होतो. तो मिटवू नका.

मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आवर्जून शोधा. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांत राक्षस नाहीत, पराक्रम नाहीत. घर, शेजार, नातेवाईक आणि रोजचे छोटे पेच आहेत. पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तकांतली घरं शहरी वळणाची आहेत, हे खरं. त्याचाही उपयोग करून घ्या : ‘राधाच्या घरात आहे पण आपल्याकडे नाही, आणि आपल्याकडे आहे पण तिच्याकडे नाही, असं काय काय?’ यादी करताना आपलं घर पुस्तकाच्या तोलाचं आहे, हे मुलाच्या आपोआप लक्षात येतं.

आपल्या मातीतली गोष्ट

मैत्रीच्या गोष्टींसाठी फार लांब जायलाच हवं असं नाही. पंचतंत्र कन्नडमध्ये आणलं ते दुर्गसिंहानं, अकराव्या शतकात. तो चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या दरबारात संधिविग्रही होता. ज्या राजघराण्याची राजधानी आधी आजच्या सेडम तालुक्यातलं मळखेड आणि नंतर बसवकल्याण होतं, त्याच घराण्याच्या पदरी हे काम झालं. हजार वर्षांपूर्वी इथला एक मंत्री राज्यकारभार सांभाळून प्राण्यांच्या गोष्टी लिहीत बसला होता, हे मुलांना सांगा. बसवकल्याणचा किल्ला पाहायला गेलात तर तिथेच सांगा.

पंचतंत्रात मैत्रीची एक लांबलचक गोष्ट आहे, ती तुकड्या-तुकड्यांनी चार रात्री पुरते. पहिल्या रात्री जाळ्यात सापडलेली कबुतरं. सगळी एकदम उडतात, जाळं घेऊनच. त्यांचा राजा चित्रग्रीव आपल्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे उतरतो आणि सांगतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे नंतर. (स्विमी वाचलेली मुलं इथे टुणकन उडी मारतात : ‘हे तर तेच!’ हजारो कोस लांबच्या दोन गोष्टी मुलं स्वतः जोडतात, तेव्हा आपण मध्ये बोलू नये.)

दुसऱ्या रात्रीचा भाग सगळ्यांत मोलाचा. हे सगळं पाहणारा लघुपतनक कावळा उंदराशी दोस्ती करायला येतो. उंदीर म्हणतो, तू मला खाणारा, मी तुझं खाणं, आपली दोस्ती कशी होणार? तो बिळाबाहेर येत नाही. आतूनच बोलतो. कावळा बाहेर, उंदीर आत, आणि रोज गप्पा. हळूहळू विश्वास बसतो. इथे थांबून दोन्ही मुलांना विचारा, ‘तू उंदीर असतास तर कितव्या दिवशी बाहेर आला असतास?’ कुणी म्हणेल लगेच, कुणी म्हणेल कधीच नाही. दोन्ही उत्तरं बरोबर. अनोळखी भाषेच्या मुलाशी ओळख अशीच होते, आणि बिळाच्या तोंडाशी थोडे दिवस काढण्यात भित्रेपणा काही नाही. तिसऱ्या रात्री मंथरक कासव, चौथ्या रात्री चित्रांग हरीण आणि कासव पकडून निघालेल्या पारध्याला दिलेला चकवा : हरीण मेल्याचं सोंग घेतं, कावळा त्याच्यावर बसून टोच्या मारल्यासारखं करतो, पारधी कासव टाकून धावतो, तेवढ्यात उंदीर कासवाचे दोर कुरतडतो. तिघांनी तीन कामं केली आणि चौथा सुटला. एकट्यानं कुणालाच ते साधलं नसतं.

वाचायचं कसं

आता प्रत्यक्ष बसूया. एक मराठी बोलणारी मुलगी, एक कन्नड बोलणारा मुलगा, दोघं सात-आठ वर्षांची, ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात. पुस्तक ‘महागिरी’.

पुस्तक तुमच्या हातात नको, दोघांच्या मांड्यांवर आडवं राहू द्या. अर्धं हिच्या मांडीवर, अर्धं त्याच्या. पान उलटायचं काम आळीपाळीनं त्यांचं. पहिला फेरा बिनशब्दांचा : नुसती चित्रं. मुलगी म्हणेल, ‘हत्ती ऐकलालं नाही.’ मुलगा म्हणेल, ‘आने.’ तुम्ही दोन्हीला मान डोलवा. कुणाचाही शब्द सुधारू नका. ‘असं नाही, असं म्हणावं’ हे एकदा तोंडातून गेलं की त्या दिवसाचं बोलणं संपलं म्हणून समजा.

दुसऱ्या फेऱ्यात तुम्ही वाचा किंवा सांगा. हत्ती खांब घेऊन खड्ड्यापाशी येऊन अडतो, तिथे पान उलटण्याआधी थांबा. चित्रपुस्तकाचं खरं बळ या पान उलटण्याच्या क्षणात असतं. पुढे काय, हे कळायला हवंय आणि कळायची धाकधूकही आहे. मूल तिथे भीतीची चव घेतं, पण पान त्याच्या हातात असतं. हवं तेव्हा उलटायचं, नको तर मागे जायचं. ज्याला खऱ्या आयुष्यात काहीच थांबवता येत नाही, त्याला इथे भीती थांबवता येते. मागचं पान पुन्हा मागितलं तर पुन्हा द्या, दहादा मागितलं तर दहादा.

प्रश्न दोन किंवा तीनच. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा एकही नको. ‘हत्ती मनात काय म्हणत असेल?’ हा चांगला प्रश्न, कारण उत्तर कुठल्याही भाषेत चालतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं उत्तर कळलं नाही, तर तुम्ही लगेच दुभाषे होऊ नका. दहा-वीस सेकंद गप्प बसा. मुलं हातवारे करतात, चित्रावर बोट ठेवतात, शेवटी काहीतरी जुळवतात. ज्याला वर्गात बोलायची भीती वाटते, त्याला इथे एका श्रोत्यासमोर, चुकत-माकत बोलायचा सराव होतो, आणि तो श्रोता हसत नाही कारण तोही तेवढाच अडलेला असतो.

तिसरा फेरा दुसऱ्या दिवशी, आणि तो मुलांचा. मुलगी कन्नडमध्ये सांगायचा प्रयत्न करेल, मुलगा मराठीत. ‘हेदरबेड’, ‘भिऊ नको’, ‘डरो नक्को’ अशी सगळी सरमिसळ होईल. होऊ द्या. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची पदं मराठीत, कन्नडमध्ये, हिंदुस्थानीत गायली जातात, तिथे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. मग ओसरीवर का व्हावं?

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. आठवड्यातून तीनदा बसलात तरी उत्तम. पालघर जिल्ह्यात काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून आश्रमशाळांतल्या मुलांपुढे पुस्तकातल्या गोष्टी नाट्यरूपात सादर करते. शिक्षकांनी त्यातून एवढं उचलावं : गोष्ट झाली की मुलांना ती करून बघू द्या. एक हत्ती, एक पिल्लू, बाकीचे ओरडणारे लोक. सगळ्यांत गप्प मुलाला हत्तीचं काम द्या. हत्तीला संवादच नाहीत.

काय करू नये

‘बघ, तो उंदीरसुद्धा घाबरला नाही, आणि तू?’ असं म्हणू नका. गोष्टीतल्या पात्राशी तुलना ही शेजारच्या मुलाशी केलेल्या तुलनेइतकीच बोचते.

तात्पर्य विचारू नका. परीक्षेची सवय लागलेली मुलं ‘आपण मित्रांना मदत करावी’ हे वाक्य क्षणात म्हणून दाखवतात आणि गोष्ट विसरतात.

धीर मारून-मुटकून शिकवू नका. ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, ते प्रकरण आपण सगळ्यांनी डोळे पुसत वाचलंय. त्यातली आईची तळमळ घ्यावी, छडी पुस्तकातच राहू द्यावी. साने गुरुजींचीच आंतरभारतीची कल्पना इथे जास्त कामाची आहे : प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांचं साहित्य आपलंसं करावं. ती कल्पना सीमाभागातल्या एका सतरंजीवर, दोन मुलांत अमलात आणता येते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. काही भीती पुस्तकानं घालवायच्या नसतातच. शाळेत कुणी मारत असेल, जातीवरून बोलत असेल, अंगाला नको तिथे हात लावत असेल, तर मुलाला ‘धीट हो’ सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे मोठ्यांनी उठून काम करायचं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन फुकट आहे. ‘विश्वासातल्या मोठ्या माणसाला जाऊन सांगणं’ हेही धाडसच आहे, हे मुलांना वेगळ्यानं आणि स्पष्ट सांगा, कारण बऱ्याच मुलांना ती चहाडी वाटते.

पुस्तकं आणायची कुठून

गावातच आधी बघा. कर्नाटकात ग्रामपंचायतींची ग्रंथालयं आहेत, अलीकडे त्यांना ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेत सहा ते अठरा वयाच्या मुलांना तिथे मोफत सभासद करून घेतलं जाऊ लागलं. कपाटात कन्नड पुस्तकं जास्त असणार. ती घ्याच, चित्रं कुणालाही वाचता येतात. आणि मराठी चित्रपुस्तकं मागवावीत म्हणून चार-पाच पालकांनी मिळून पंचायतीकडे लेखी मागणी करावी. नावांची यादी सोबत जोडावी, नुसत्या ‘मराठी पुस्तकं हवीत’ या मागणीचं काही होत नाही.

मोबाइलवर : बेंगळूरूच्या प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू सगळं आहे, आणि एकच गोष्ट अनेकदा या सगळ्या भाषांत मिळते. एक गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये छापून घ्या आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा. पुस्तकांना एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या असतात. दुसऱ्या भाषेसाठी नेहमी एक पायरी खालची निवडा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही देशोदेशीच्या चित्रपुस्तकांचे मराठी अनुवाद मोफत आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर आहेत. तिथली चित्रं-गोष्टी थोड्या मोठ्या मुलांना चालतील. विकत घ्यायची असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त पडतात, आणि चेन्नईचं तूलिका प्रकाशन एकाच पानावर दोन भाषा असलेली पुस्तकं काढतं.

नाहीच मिळालं, तर स्वतः बनवा

आपल्या भागातल्या मुलांची गोष्ट छापील पुस्तकात क्वचितच सापडते. म्हणून निदान एक पुस्तक घरी बनवा. चार कोरे ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, सुईदोऱ्यानं शिवा. सोळा पानी पुस्तक तयार. पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, आत चौदा पानं.

विषय मुलांना निवडू द्या. अडखळली तर सुचवा : शरणबसवेश्वरांच्या जत्रेत रथाच्या गर्दीत आईचा हात सुटला तेव्हा, मांजरा दुथडी भरली आणि शाळेची वाट बंद झाली तेव्हा, पहिल्यांदा एकटं बसमध्ये चढलो तेव्हा, मैत्रीण ऊसतोडीला निघून गेली तेव्हा. अट एकच : गोष्टीत दोघं असले पाहिजेत, आणि दोघांपैकी एकाला भीती वाटली पाहिजे. चित्रं एकानं काढायची, शब्द दुसऱ्यानं लिहायचे, मग पुढच्या पुस्तकात उलट. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. चुका शिक्षकांनी लाल शाईनं दुरुस्त करायच्या नाहीत. शुद्ध प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा, मूळ पुस्तक तसंच राहू द्या.

वाचनाला मुहूर्त हवा असेल तर मार्गशीर्षातली वेळा अमावस्या आहे. त्या दिवशी तसंही सगळं घर शेतात असतं, भज्जी-आंबील खायला वाटेवरच्या माणसालाही हाक मारली जाते. मुलाच्या दुसऱ्या भाषेतल्या मित्राला घरच्यांसकट बोलवा आणि जेवणानंतर मुलांनी बनवलेलं पुस्तक सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा. वर्गात न बोलणारं मूल वीस माणसांपुढे बोलेलच असं नाही. त्यानं नुसती पानं उलटली आणि मित्रानं वाचलं, तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं.

पहिला आठवडा

सोमवारी पंचायतीच्या ग्रंथालयात जाऊन दोन मुलांची नावं नोंदवा. मंगळवारी एक पुस्तक निवडा, पानं उलटून, वरच्या पाच गोष्टी तपासून. बुधवारी दोघांना पंधरा मिनिटं बसवा आणि फक्त चित्रं बघू द्या. गुरुवारी वाचून दाखवा. शुक्रवारी त्यांनी तुम्हाला सांगायचं, कुठल्याही भाषेत. शनिवारी चार कागद शिवा. रविवारी सुट्टी, मुलांना खेळू द्या. महिन्याभरानं वर्गशिक्षकांना एकच गोष्ट विचारा : ही दोघं आता शेजारी बसतात का? बसत असतील तर गाडी बरोबर चाललीय. तोंडातून शब्द फुटायला अजून थोडा वेळ लागेल, तेवढा त्यांना द्या.